राणीची बाग आणि आपली पस्तीस झाडं

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात बागकाम गटाच्या वतीने झालेले भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला दहा-पंधरा मिनिटं दिली आहेत. मी या सोसायटीची सहा वर्षं सेक्रेटरी होते, त्यामुळे दहा मिनिटं म्हणजे किती, हे मला चांगलं ठाऊक आहे. आपल्या सर्वसाधारण सभेत दहा मिनिटांत मागच्या सभेचं इतिवृत्तसुद्धा वाचून होत नाही. माझ्यानंतर मुलांचे नाच आहेत आणि मेकअप केलेली मुलं मागे घामाघूम होऊन उभी आहेत, तेव्हा मी लांबण लावणार नाही.

विषय सांगितलाय 'बागकाम गटाची सहल'. गेल्या फेब्रुवारीत आम्ही बावीस जण भायखळ्याला राणीच्या बागेत गेलो होतो. तिथे काय पाहिलं ते सांगते. आणि त्या सहलीने मला सेक्रेटरी म्हणून केलेली एक चूक दाखवली, तीही सांगते. ती माझ्या एकटीची नव्हती, पण ठरावाची सूचक मीच होते.

तर सहल. पहिला मुहूर्त आम्ही बुधवारचा काढला होता. का, तर शनिवार-रविवारी गर्दी असते. नोटीस लागली, डबे ठरले, कोण कुणाच्या शेजारी बसणार तेसुद्धा ठरलं. मंगळवारी रात्री साडेनऊला सी विंगमधल्या सातवीतल्या एका मुलाने विचारलं, "आजी, बुधवारी तर राणीची बाग बंद असते ना?" गटात दोन निवृत्त बँकवाले, एक निवृत्त मुख्याध्यापिका आणि मी माजी सेक्रेटरी. एवढ्या अनुभवी लोकांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं. त्या मुलाला आम्ही तिथल्या तिथे गटाचा सल्लागार नेमलं. मुहूर्त शुक्रवारवर ढकलला आणि सल्लागाराला शाळा बुडवून बरोबर घेतलं.

ठाण्याहून सकाळची गाडी धरून आठच्या सुमारास भायखळ्याला उतरलो. या स्टेशनाकडे आपण आजवर गाडीच्या दारातूनच बघितलेलं असतं. मुद्दाम बाहेर येऊन बघा. जुनी इमारत इतकी नेटकी राखली आहे की तिच्या जतनासाठी २०२२ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा पुरस्कार मिळाला. तिथून दहा-बारा मिनिटं चाललं की बाग.

बागेचं नाव आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. त्याआधी व्हिक्टोरिया गार्डन्स. लोकांच्या तोंडी मात्र राणीची बागच. आमच्या सल्लागाराने विचारलं, "राणी कुठली?" नाना म्हणाले, "आधी विलायतेची होती, आता आपली जिजाऊ. बाग राणीचीच राहिली."

नाना म्हणजे तळमजल्यावरचे आपले नाना. वय चौऱ्याऐंशी. ते समोर पहिल्या रांगेत बसलेत आणि माझ्याकडे बघून मान हलवताहेत की माझं नाव घेऊ नका. नाना, आज घ्यावं लागणार आहे.

आमच्या बरोबर वनस्पतिशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका होत्या, आपल्या सी विंगमधल्या ताईंच्या थोरल्या बहीण. त्यांनी दारातच सगळ्यांना उभं केलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "तुमच्या सोसायटीत झाडं किती?"

आम्ही एकमेकांची तोंडं बघितली. कुणी म्हणालं वीस. कुणी म्हणालं पन्नास तरी असतील. एक काका म्हणाले, "कुंड्या धरून का?" बाई हसल्या. म्हणाल्या, "असू दे, परत आल्यावर सांगा." त्यांच्या पर्समध्ये शिंप्याकडे असते तशी मापाची पट्टी होती, गुंडाळलेली. ती कशाला आणली होती ते पुढे येईलच.

ही बाग सुरू झाली १८६२ साली. त्याआधी पश्चिम भारताच्या कृषी-उद्यान संस्थेची बाग शिवडीला होती. ती जागा पुढे ख्रिस्ती दफनभूमीला गेली आणि बाग भायखळ्याला आली. हे ऐकल्यावर बी विंगचे भाऊ म्हणाले, "म्हणजे हिचासुद्धा पुनर्विकासच झालाय म्हणा!" पन्नास एकरांच्या वर जागा आहे. तीन हजारांहून अधिक झाडं आणि त्यांच्या पावणेतीनशेच्या आसपास जाती. त्या काळात जगभरातून रोपं मागवून इथल्या मातीत ती जगतात का, हे बघायची ही जागा. प्राणिसंग्रहालय नंतर आलं. आपण लहानपणापासून तिथे हत्ती, माकडं आणि हल्ली पेंग्विन बघायला जातो, आणि ज्यांच्या सावलीतून जातो त्यांच्याकडे वर मान करूनही बघत नाही. मी स्वतः किमान सहा वेळा गेले असेन. पहिल्यांदा आईचं बोट धरून, शेवटी नातवाला कडेवर घेऊन. झाडं मी या सातव्या खेपेला पाहिली.

आत शिरल्यावर डाव्या-उजव्या हाताला एकेक म्हातारी मंडळी दिसू लागतात. गोरखचिंच. मूळची आफ्रिकेतली. खोड म्हणाल तर आपल्या पाण्याच्या टाकीएवढं. आम्ही पाच जणींनी हात धरून फेर धरला तरी पुरला नाही. पर्जन्यवृक्ष, दक्षिण अमेरिकेतला. त्याची पानं संध्याकाळी मिटतात. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला इतका दिसतो की तो परदेशी आहे हे खरं वाटत नाही. कैलासपती, तोही तिकडचाच. त्याची फुलं फांद्यांच्या टोकाला न येता थेट बुंध्यावर लोंबतात. पाकळ्यांच्या आत पिंडी आणि वर नागाचा फणा असावा असा आकार असतो, म्हणून आपल्या लोकांनी त्याला शंकराच्या घरचं नाव दिलं आणि आपलंसं करून टाकलं. फळं मात्र तोफेच्या गोळ्यासारखी. बाईंनी सांगितलं, फूल लांबून बघा, खाली उभं राहून फोटो काढू नका.

आणि मग उर्वशी. ब्रह्मदेशातलं झाड. नशिबाने फुललेलं होतं. लाल-केशरी फुलांचे घोस लांब देठांवर खाली सोडलेले, जसं कुणी झुंबर टांगलंय. बायकांचा जो काही कलकलाट चालला होता तो तिथे थांबला. आमच्या गटाच्या इतिहासात तो पहिल्यांदाच थांबला असेल.

पण त्या दिवशी आमची खरी फजिती केली ती एका साध्या झाडाने. बुटकंसं, गर्द, फांद्यांना चिकटून शेंदरी-पिवळे गुच्छ. बाई म्हणाल्या, "ओळखा." कुणालाच येईना. त्या म्हणाल्या, "हा अशोक." आम्ही म्हटलं, "छे! अशोक आमच्या गेटपाशी रांगेत उभे आहेत. उंच, सरळ, कडेने पानं खाली सोडलेली." बाई म्हणाल्या, "तो आसुपालव. लोक त्याला अशोक म्हणतात, पण तो अशोक नाही. रामायणातल्या अशोकवनाशी नाव जोडलंय ते या झाडाचं, म्हणून याला सीताअशोक म्हणतात."

म्हणजे बघा, पंचवीस वर्षं आपण ज्यांच्या शेजारून रोज दोनदा जातो, ज्यांच्या फांद्या दर मे महिन्यात छाटून घेतो आणि त्याचं बिल पास करतो, त्यांचं नावच आपल्याला माहीत नव्हतं. मी सहा वर्षं त्या बिलांवर सह्या केल्या. 'अशोक छाटणी' असंच लिहिलेलं असायचं.

पुढे एका वळणावर बकुळ होती. जुनी, डेरेदार. आम्ही पुढे निघालो तरी नाना तिथेच थांबले. त्यांनी खोडाला तळवा टेकवला. मग काठी बाजूला टेकवून ठेवली आणि खोडापासून पावलं मोजत बाहेर आले. एक, दोन, तीन, चार. परत दुसऱ्या बाजूने तसंच. झाडाखाली सगळी माती होती, वर वाळलेल्या पानांचा थर. तिथला एक माळी बघत होता, त्याने विचारलं, "आजोबा, काय हरवलंय का?" नाना म्हणाले, "नाही रे बाबा." आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काय हो सेक्रेटरीबाई, इथे चिखल होत नाही का?"

हा प्रश्न तुमच्यापैकी नव्या मंडळींना कळणार नाही. जुन्यांना कळला असेल.

२००० साली आपण सगळे नवे नवे राहायला आलो. गेटच्या आत, आज जिथे पाहुण्यांच्या दुचाकी लागतात, तिथे नानांनी एक बकुळ लावली होती. स्वतःच्या हाताने, गावाहून आणलेलं रोप. पहिली तीन-चार वर्षं बादलीने पाणी घातलं. २००५ च्या जुलैतल्या त्या पावसात आवारात गुडघाभर पाणी होतं, तेव्हा नाना विटा रचून तिला आडोसा करत होते आणि आम्ही खिडकीतून त्यांना वर बोलावत होतो. पुढे ती फुलायला लागली. सकाळी मुली फुलं वेचायच्या. आज इथे नाचाला उभ्या असलेल्या पोरींच्या आया बकुळीचे गजरे करत मोठ्या झाल्या आहेत.

२०१३ साली मी सेक्रेटरी असताना आपण आवारात पेव्हर ब्लॉक घातले. नानांनी तेव्हा मला जिन्यात गाठून सांगितलं होतं, "बकुळीभोवती चार पावलं मोकळी ठेवा, आळं राहू द्या." मी म्हटलं, "नाना, चिखल होतो. पोरं घसरतात. एका झाडासाठी डिझाईन तुटेल." ठेकेदाराने अगदी खोडाला भिडवून ब्लॉक बसवले. त्याखाली कच, त्याखाली सिमेंटचा थर. शेजारून पावसाळी पाण्याची नाली काढली, त्यात एका बाजूची मुळं तुटली. दिसायला छान झालं. आपण नारळ फोडला, पेढे वाटले.

मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते, हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही. शाळेत शिकले होते. पण जे शाळेत शिकलो ते आपल्या आवारालाही लागू असतं, हे डोक्यात आलं नाही. तिसऱ्या वर्षी बकुळीचा शेंडा वाळला. २०१७ च्या पावसात एका रात्री ती आडवी झाली. दोन स्कूटरींवर पडली. सभेत चर्चा झाली ती स्कूटरींच्या भरपाईची. नाना सभेला आले होते. काही बोलले नाहीत. आणि नंतरही कधी बोलले नाहीत. थेट राणीच्या बागेत बोलले.

मी तिथे त्यांना उत्तर दिलं नाही. काय देणार?

बकुळीपासून आम्ही डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूला आलो. १८७२ साली सुरू झालेलं, मुंबईतलं सर्वांत जुनं संग्रहालय. बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. ज्याच्यावरून इंग्रजीत त्या बेटाला एलिफंटा म्हणतात तोच. तो विलायतेला न्यायला उचलत असताना यारी तुटली आणि हत्ती पडून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणले गेले आणि पुढे १९१४ साली जोडून हत्ती पुन्हा उभा केला. जवळून बघितलं तर सांधे दिसतात. सगळे फोटो काढत होते. मी ते सांधे बघत होते. दगडाला असं करता येतं.

मग बाईंनी आम्हाला एका बाकावर बसवलं आणि सांगितलं की ही बाग जी आज दिसते ती आपोआप टिकलेली नाही. २००७ च्या सुमारास इथे जागतिक दर्जाचं प्राणिसंग्रहालय करायचा मोठा आराखडा पुढे आला. त्यात जुन्या झाडांचं काय होणार, या काळजीने काही नागरिक एकत्र आले. त्यात बऱ्याच बायका होत्या. त्यांनी नुसत्या घोषणा दिल्या नाहीत. त्यांनी झाडांचा अभ्यास केला, नोंदी मांडल्या, हे नुसतं प्राण्यांचं ठिकाण नाही, वनस्पती उद्यान आहे, वारसा यादीतलं आहे, हे कागदावर दाखवून दिलं. वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. मूळ आराखड्याला वारसा समितीची मान्यता मिळाली नाही, त्यात बदल करावे लागले. प्राणिसंग्रहालयाचं काम पुढे झालं, पेंग्विन आले, आणि आमच्या सल्लागाराने ते बघितलेही. त्याचं मत पेंग्विनच्या बाजूने आहे. पण गोरखचिंच आणि उर्वशीही जागेवर आहेत.

बाईंचं एक वाक्य मी वहीत लिहून घेतलं. "मोजलेलं झाड सहजासहजी गायब करता येत नाही." एवढं बोलून त्यांनी पर्समधली ती मापाची पट्टी माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, "जमिनीपासून साडेचार फुटांवर घेर मोजायचा. आपल्याकडे तसाच मोजतात. जा, करा."

ठाण्याला परतल्यावर आम्ही केलं. मार्च महिन्यात चार रविवार. दोघं मोजणारे, एक लिहिणारा, आणि सल्लागार फोटो काढणारा. नाव, घेर, बुंध्याशी किती जागा मोकळी, खिळे-तारा आहेत का, कीड आहे का. नावं अडली तिथे बाईंना फोटो पाठवले. आवारात आज पस्तीस झाडं आहेत. पस्तीस! वीस नाहीत, पन्नास नाहीत. आसुपालव, गुलमोहोर, सोनमोहोर, बदाम, कडुनिंब, दोन आंबे, एक जांभूळ, एक बहावा, सप्तपर्णी आणि इतर. कुंपणाच्या भिंतीला लागून आलेला उंबर तर कुणी लावलेलाच नाही, पाखरांनी आणलाय.

मग मी जुन्या कपाटातून ताबा घेतानाची फाईल काढली. त्यात बिल्डरने लावलेल्या झाडांची यादी होती. बेचाळीस. यादी घेऊन आवारात फिरलो. त्या बेचाळिसांपैकी आज सव्वीस आहेत. उरलेली नऊ नंतर आपली आपण उगवलेली किंवा कुणी कुणी लावलेली. म्हणजे सोळा झाडं गेली. आणि नानांची बकुळ या यादीत नव्हतीच, ती धरली तर सतरा.

त्या सोळांपैकी पाच कशी गेली ते आठवतं. दोन वादळात, एक ट्रान्सफॉर्मरपाशी, एकाला वाळवी लागली, एक लिफ्टच्या कामात. उरलेली अकरा? आम्ही जुन्या रहिवाशांना विचारलं, वॉचमनकाकांना विचारलं, जुने फोटो काढले. कुणालाच आठवत नाही. भांडण झालं नाही, ठराव झाला नाही, कुणी रडलं नाही. गेली नुसती. त्यांची नावं कुणाला माहीत नव्हती, म्हणून जाणंही कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी २०१३ चं इतिवृत्तही उघडलं. माझ्याच अक्षरातलं. ठराव असा आहे: 'आवाराचे सुशोभीकरण व पेव्हर ब्लॉक बसविणे. सर्वानुमते मंजूर.' पूर्ण पान वाचलं. त्या पानावर 'झाड' हा शब्द एकदाही नाही. नानांचं म्हणणंही नाही, कारण ते जिन्यात बोलले होते, सभेत नाही. आणि मी ते सभेत मांडलं नाही. माझी चूक ही आहे. ब्लॉक घातले ही नाही. घालावेच लागले असते, चिखल खरंच व्हायचा. पण ज्याचं नुकसान होणार होतं त्याचं नावसुद्धा कागदावर येऊ दिलं नाही, ही चूक. नाना, हे मी तुम्हाला बागेत सांगायला हवं होतं. आज सगळ्यांसमोर सांगते.

आता पुढचं. मे महिन्यात कमिटीच्या परवानगीने आम्ही एक प्रयोग केला. ए विंगमागच्या जांभळाभोवतीचे ब्लॉक काढले. खोडापासून चारी बाजूंना एक मीटर. बाईंनी सांगितलं होतं, किमान एवढं तरी हवंच. आठ जणांनी दोन दिवस पहार चालवली. खालची माती विटेसारखी घट्ट झाली होती, पाणी ओतलं तर वरच तरंगायचं. ती हलक्या हाताने मोकळी केली, मुळांना धक्का न लावता. कडेला विटांची रांग लावली, आत शेणखत आणि आवारातलाच पालापाचोळा.

पावसाळ्यात काय झालं ते जसंच्या तसं सांगते, कारण मतदान तुम्हाला करायचंय. चिखल जवळजवळ झाला नाही, कारण वर पाचोळ्याचा थर होता. उलट तिथे पूर्वी जे पाणी साचायचं ते जिरलं. जुलैत एकदा मात्र कुणाच्या तरी पायाने माती ए विंगच्या लिफ्टपर्यंत गेली. ती आम्हीच पुसली. मुंग्या झाल्याची एक तक्रार आली. एका स्कूटरची जागा गेली, आणि ज्यांची गेली ते काही दिवस माझ्याशी बोलत नव्हते. आता बोलतात. जांभळाला ऑगस्टमध्ये नवी पालवी फुटली ती तुम्ही पाहिलीच असेल. नसेल तर आज घरी जाताना बघा.

अजून एकवीस झाडं अशी आहेत की ज्यांच्या खोडाला ब्लॉक भिडलेले आहेत. ती सगळी मोकळी करायची झाली तर चार दुचाकींच्या आणि एका मोटारीच्या अर्ध्या जागेचा प्रश्न येतो. पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय येणार आहे. माझी विनंती एवढीच आहे की ज्यांना विरोध करायचाय त्यांनी जरूर करावा. पार्किंगची अडचण खरी आहे, मी ती सहा वर्षं सोसली आहे. पण विरोध झाडाचं नाव घेऊन करा. 'नऊ नंबरचा बहावा, याच्याभोवती जागा सोडता येणार नाही' असं म्हणा, आणि ते इतिवृत्तात तसंच लिहिलं जाऊ दे. आपण काय ठरवलं ते पुढच्या लोकांना वाचता आलं पाहिजे.

आणखी एक गोष्ट, ही माझ्यासारख्या कागदपत्रांच्या माणसाला फार आवडली. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ पासून कायदा आहे. आपल्याच आवारातलं, आपणच लावलेलं झाडही वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. २०२१ मध्ये त्यात सुधारणा झाली आणि पन्नास वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला वारसा वृक्ष म्हणायचं ठरलं. आता हिशोब करा. आपल्या यादीतली ती सव्वीस झाडं आपल्याबरोबरच इथे आली. आज त्यांचाही रौप्यमहोत्सव आहे. त्यांना शाल-श्रीफळ कुणी दिलं नाही, पण आहे. आणखी पंचवीस वर्षांनी आपल्या सोसायटीचा सुवर्णमहोत्सव होईल, तेव्हा ती सव्वीसच्या सव्वीस वारसा वृक्ष झालेली असतील. राणीची बाग बघायला आपल्याला गाडी पकडावी लागते. ही बाग दाराशी आहे, फक्त तिथवर पोचवायची आहे. तेव्हा आमच्यातले पुष्कळ जण नसतील. आमचा सल्लागार अडतीस वर्षांचा असेल. कदाचित सेक्रेटरी असेल. बिचारा.

तुमच्या हातातल्या स्मरणिकेत शेवटच्या पानांवर पस्तीस झाडांची यादी छापली आहे. नंबर, नाव, घेर. पाट्याही लावल्या आहेत. खिळे मारलेले नाहीत, काथ्याच्या दोरीने सैल बांधल्या आहेत, झाड जाड होईल तशा सैल करायच्या. प्रत्येक पाटीखाली एक रिकामी ओळ आहे. ज्या घराला त्या झाडाकडे लक्ष ठेवायचंय त्यांनी आपला फ्लॅट नंबर तिथे लिहायचा. काम फार नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर एकदा बघायचं, वर्षातून एकदा घेर मोजायचा. पट्टी माझ्याकडे आहे, मागून न्या, पण परत करा.

शेवटचं. आज सकाळी गेटजवळ, दुचाकी लागतात त्याच्या अलीकडच्या कोपऱ्यात, कमिटीने एक बकुळ लावली. ब्लॉक काढून, आळं करून. कमिटीचा विचार होता की तिथे नानांच्या नावाची संगमरवरी पाटी बसवावी. मी विचारायला गेले. नाना म्हणाले, "माझी पाटी नको. तिची लावा. आणि चार पावलं मोकळी ठेवा."

मोजून ठेवली आहेत, नाना. इतिवृत्तातही लिहिली आहेत.

पुढची सहल पुण्याला, एम्प्रेस गार्डनला. दिवस ठरवायच्या आधी सल्लागाराला विचारलं जाईल. ज्यांना यायचंय त्यांनी कार्यक्रमानंतर माझ्याकडे नावं द्यावीत.

मुलांनो, या आता, स्टेज तुमचा.